पुसक्याचा फोटो

वाटूर फाट्यावर माझं फोटोचं दुकान होतं तेव्हा लोक मला दोनच कामांना बोलवायचे, लग्नाला आणि मयताला. मधल्या आयुष्यात माणसाला फोटो लागत नाही असा आमच्या भागाचा ठाम समज होता. राहिले पासपोर्ट साइजवाले, ते भांग पाडायलाच अर्धा तास घ्यायचे. असल्या दुकानदाराने आकाशातल्या दीर्घिकेचा फोटो काढायला निघणं म्हणजे शुद्ध येडेपणा, आणि गावाने तसं तोंडावर म्हणूनही दाखवलं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अख्खा पसारा, इतका लांब की डोळ्यांना नुसता एक अंधुक डाग दिसावा. ऐंशीच्या दशकात, धूमकेतू येऊन गेला त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. हौसेपोटी केलं असतं तर आज सांगायला मजा आली असती. पण माझ्या वडिलांचे डोळे चालले होते, म्हणून मी त्या फंदात पडलो.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. आबांच्या लहानपणी दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, असा शिरस्ता होता. पुढे जमीन झाली, विहीर झाली, मोसंबीची झाडं लागली आणि मेंढरं गेली. पण तळावरची एक रीत आबांच्या डोक्यातून कधी गेली नाही. रात्री कळपाला राखण लागायची. ज्या अंगाने लांडगा यायचा त्या अंगाला तेज नजरेचा माणूस बसवायचे, आणि नजर तपासायची त्यांची पद्धत होती. थंडीत, डोक्यावरून जरा उत्तरेकडे, एक तारा असा दिसतो की कुणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकलाय. त्याला ते पुसका म्हणायचे. पोराने वर बोट करून पुसका बराबर दाखवला की त्याला बाहेरची राखण. नाही दिसला तर आत, कोकरांपाशी. आबा नवव्या वर्षीच बाहेर बसले होते, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवली होती की सुरुवात झाली की माय उठून चुलीकडे जायची.

हा पुसका म्हणजे देवयानी नक्षत्रातली दीर्घिका, हे मला धूमकेतूच्या वेळी वर्तमानपत्राच्या पुरवणीत कळलं. मी मोठ्या तोऱ्यात आबांना सांगायला गेलो की तो एक तारा नाही, त्यात मोजता येणार नाहीत इतके तारे आहेत. आबा म्हणाले, "मंग आमी तरी कवा म्हणलं एक हाये म्हणून? गर्दी असल्याबिगर धुरळा उडतो का?"

त्याच साली त्यांना काचबिंदू निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकेल, पुष्कळ वर्षं टिकेल, पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. ते थेंब चांगलेच झोंबायचे. नुसतं टिकवण्यासाठी आबा एवढी आग सोसणार नाहीत हे मायला आणि मला माहीत होतं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून त्यांना सांगितलं, थेंब टाकले की हळूहळू सगळं पहिल्यासारखं दिसेल. चांगल्यासाठी खोटं बोलतोय अशी आमची समजूत होती.

आबांनी वर्षभर इमानाने थेंब टाकले. सकाळ-संध्याकाळ ओसरीवर मान मागे टाकून बसायचे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या, तरी एक दिवस चुकवला नाही. थंडी आली तसे ते अंगणात जाऊन पुसका शोधायला लागले. दिवसा त्यांचं ठीक चालायचं. जवळ धरलेल्या पंचांगाचे मोठे आकडे वाचायचे, समोरचा माणूस ओळखायचे. पण अंधारातलं अंधुक काही दिसायचं बंद झालं होतं, आणि ते परत येणार नव्हतं. दिवाळीच्या अमावस्येला जेवणं झाल्यावर ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. आत आले आणि थेंबांची बाटली माझ्या हातात दिली.

"बस झालं. वर्षभर डोळ्यात मिरची घालून राह्यलो. पुसका न्हाई तर न्हाईच. फुकटचा खर्चा."

तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार, म्हणजे सगळ्यात मूर्ख सौदा केला. मी म्हणालो, "आबा, आभाळात तो अंधुकच असतो. मी त्याचा फोटो काढतो. मोठा करून आणतो. तुमी दिवसा, उन्हात बसून बघा. फोटोत दिसला तर थेंब चालू ठेवायचे. न्हाई दिसला तर म्या पुन्हा बाटलीचं नाव काढणार न्हाई."

आबांनी जरा विचार केला. "बराबर," म्हणाले. "शब्द?"

"शब्द."

आता माझ्याकडे काय होतं ते सांगतो. लग्नाचा कॅमेरा, जुनाच घेतलेला. त्याला लांबचं ओढणारी एक लेन्स, तीही जालन्यात कुणाची तरी वापरून झालेली, आतून एका कडेला बुरशीची जाळी धरलेली. म्हणून तर मला परवडली. खरी अडचण वेगळीच होती. पुसका फिल्मवर उतरायचा तर कॅमेऱ्याचा डोळा चार-पाच मिनिटं उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात आभाळ सरकतं. ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्यावर उपाय त्याच पुरवणीत दिला होता. दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा रोख ध्रुवाकडे करायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा, आणि खालून एक लांब स्क्रू घड्याळ बघत मिनिटाला एक फेरा असा हाताने फिरवायचा. फळी उघडत जाते आणि कॅमेरा आभाळाबरोबर चालतो. गावच्या सुताराला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "आभाळामागं कॅमेरा पळवून राह्यला? तुला बिलकुलच काम न्हाई का रे?" फळ्या मात्र त्याने झकास करून दिल्या.

कार्तिकातल्या अमावस्येला पहिला रोल काढला. स्क्रू बिजागरीपासून चुकीच्या अंतरावर बसवला होता. सगळे तारे अळ्यांसारखे लांबट आले. मार्गशीर्षात अंतर नीट केलं तर दव पडलं. लेन्स ओली झाल्याचं मला दोन तासांनी, सगळा रोल संपल्यावर कळलं. चंद्र नसलेल्या मोजक्याच रात्री मिळतात, त्यातल्या निम्म्या मी असल्या गाढवपणात घालवल्या. प्रत्येक रात्रीनंतर सकाळी आबा विचारायचे, "आला का?" मी नाही म्हणायचो. ते निमूट मान मागे टाकायचे आणि माय थेंब टाकायची. फोटो येईपर्यंत थेंब चालू, असं ठरलं होतं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. फोटो न काढता दहा वर्षं नुसता काढतोय-काढतोय म्हणत राहिलो असतो तर आबांची नजर टिकली असती. हे मला आज सुचतं.

पौषाच्या अमावस्येला फोटो आला. दुकानाच्या मागच्या खोलीत रोल धुतला, वाळवला आणि भिंगाखाली धरला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, आभाळ पारदर्शक आणि तारे काळे. अख्ख्या रोलमधल्या एकाच फोटोत, काळ्या ठिपक्यांच्या मधोमध, तिळाएवढा एक तिरका, लांबट डाग होता, मध्ये गडद आणि कडेला विरत गेलेला. पुसका! बुरशीची लेन्स, सुताराच्या फळ्या आणि माझा थंडीने आखडलेला हात, एवढ्यावर तो आला होता. मी त्या कोंदट खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. इतका आनंद मला पुढे कधी झाला नाही.

माझ्याकडचं यंत्र पोस्टकार्डापुढे फोटो मोठा करत नसे. आबांना हवा होता दहा बाय बारा इंचांचा, आणि तो जालन्यात उस्तादच काढून देऊ शकत होते. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं काम शिकलो ते. फोटोवरचे डाग काढण्यात त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात नव्हता. मयताच्या फोटोत मिटलेले डोळे ते ब्रशने असे उघडून द्यायचे की घरचे रडायला लागायचे. जांब समर्थच्या देवळाचे फोटो यात्रेकरूंना विकायला काढायचे, तेव्हा देवळावरच्या आभाळात एक कण राहिलेला त्यांना चालत नसे. "आभाळ कसं पाहिजे, बेटा? घासलेल्या परातीसारखं." आणि माझ्या निगेटिव्हवर तर कण असायचेच. आमच्या बोअरचं पाणी खारं. रोल वाळला की क्षाराचे ठिपके राहायचे. मी पाठवलेल्या प्रत्येक निगेटिव्हवरून उस्ताद बारीक ब्लेडने ते खरवडायचे, आणि भेटलो की माझी खरडपट्टी काढायचे.

पौष संपला आणि माघाची लग्नं सुरू झाली. लागोपाठ तीन दिवस मी गुंतलेलो. आबा घाई करत होते. म्हणून मी निगेटिव्ह पाकिटात घातलं आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती जालन्याला पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली, "आभाळाचा फोटो आहे. दहा बाय बाराची एक कॉपी. आबांसाठी पाहिजे. परस्पर घरी पाठवा." ताऱ्यांचं, पुसक्याचं काहीच लिहिलं नाही. उस्ताद हसतील, म्हणतील धंदा सोडून हे काय, अशी लाज वाटली. त्या लाजेचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या दिवशी परतूरकडचं लग्न आटोपून दुपारी घरी आलो तर आबा अंगणात, बरोबर उन्हात, खाटेवर बसलेले. मांडीवर फोटो. सकाळच्या गाडीने आल्ता म्हणे. तेव्हापासून ते तिथेच होते. जेवायलाही उठले नव्हते. फोटो डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते, उलटा करत होते, पुन्हा सुलटा. मला बघून त्यांनी तो खाली ठेवला.

"न्हाई दिसला," म्हणाले. "लई बघितलं. नुसतं काळं. गेली माझी नजर."

मी फोटो उचलला. तो पाटीसारखा काळाभोर होता. एक तारा नाही, पुसका नाही, काही नाही. जरा तिरका धरला तेव्हा चकचकीत कागदावर शाईचे शेकडो बारीक, निस्तेज ठिपके दिसले. उस्तादांनी एकेक तारा ब्रशने बुजवला होता. पाकिटात सोबत परत आलेलं निगेटिव्ह उजेडाकडे धरलं. मधोमध, जिथे तो तिळाएवढा डाग होता तिथे, ब्लेडने खरवडून गुळगुळीत केलेलं.

"आबा, फोटोच कोरा आहे!" मी ओरडलो. "उस्तादांनी साफ केला. डाग समजून साफ केला. तुमची नजर ठीक हाये. मलाबी काळंच दिसतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "समजूत काढून राह्यला माझी," म्हणाले.

मी मायला बोलावलं. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "सगळं काळंच हाये की."

"तू त्याचीच माय," आबा म्हणाले. "वर्षभर दोघं म्हणत व्हते, नजर परत येईल, परत येईल. आली का? दागतराला म्या मागंच इचारलं व्हतं. येणार न्हाई म्हणला. तरी तुमी म्हणता म्हणून टाकले थेंब. आता पुरं. शब्द म्हंजी शब्द."

आमच्या खोट्याची त्यांना आधीपासूनच खबर होती, आणि आता खरं बोलायला आमच्याकडे तोंड उरलं नव्हतं. त्यांनी बाटली स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला गेलो. उस्ताद मला बघताच खूश झाले. "अब्बांना पसंत आला? दोन दिवस बसलो बेटा. काय पाणी वापरतो तू? इतके डाग उभ्या जिंदगीत न्हाई पाहिले. अब्बांसाठी हाये म्हणून एकेक काढला. मधला तर लई मोठा, ब्लेडनं काढावा लागला." मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तोंडाला येईल ते बोललो. ज्यांनी मला पोटाला लावलं त्यांना मी आंधळा म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला आणि इतकंच म्हणाले, "चिठ्ठीत लिहायचं ना, बेटा."

त्याच आठवड्यात ते एसटीने वाटूरला आले. वयाने आबांएवढेच, गुडघे दुखणारे. आबांसमोर खाटेवर बसून त्यांनी कान धरले. "माझ्या हातून गुन्हा झाला. फोटोत तारे व्हते, म्या मिटवले. तुमची नजर सलामत हाये. दवा बंद करू नका." आबांनी त्यांना चहा पाजला, मोसंबी बांधून दिली, फाट्यापर्यंत सोडायला मला पाठवलं. मी परत आल्यावर म्हणाले, "भला माणूस हाये. खोटं बोलायला एवढ्या लांबून आला."

पुढच्या अमावस्येला मी पुन्हा फळ्या मांडल्या. पण माघ संपता संपता पुसका दिवेलागणीलाच मावळतीला टेकलेला असतो, धुळीत. काही उमटलं नाही. आता तो पावसाळा संपेपर्यंत मिळणार नव्हता. मी हातापाया पडलो, मायने दोन दिवस अन्न सोडलं, डॉक्टरांचं नाव काढलं की आबा उठून शेतात जायचे. उन्हाळ्यात ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. पोळ्याला बैल त्यांनी हाताने चाचपून ओळखले. दसऱ्याला त्यांना फक्त ऊन आणि सावली एवढंच कळत होतं.

आणि मग ते विचारायला लागले. आधी मायला, मग मला, मग घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना. "खरंच कोरा होता का रे तो फोटो?" रोज. कधी जेवताना घास हातात धरून, कधी मध्येच. सुरुवातीला मी चिडून सांगायचो, होता, शंभर वेळा सांगितलं. मग लक्षात आलं की माझ्या प्रत्येक हो-ने ते आतून खचतात. फोटो कोरा असेल तर त्या दिवशी त्यांना बराबर दिसलं होतं. मग त्यांनी चांगले डोळे स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकले होते. त्यांचं जेवण कमी झालं. तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे.

तरी कार्तिकात मी तो फोटो काढलाच. का, ते मला नीट सांगता येत नाही. हात थांबत नव्हता, बस. या वेळी पहिल्याच रात्री आला, मागच्यापेक्षा चांगला. निगेटिव्ह घेऊन मी स्वतः जालन्याला गेलो. उस्तादांच्या काळोख्या खोलीत स्वतःच्या हाताने कागद धुतला. उस्ताद दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. ट्रेमधल्या पाण्यात पुसका हळूहळू वर आला, बोराएवढा, कडेने विरत गेलेला, आणि भोवती सगळे तारे जागच्या जागी. "माशाअल्ला," ते हळूच म्हणाले. "हा मिटवला व्हता म्या?"

संध्याकाळी घरी आलो. फोटो पिशवीत होता. आबा ओसरीवर पडलेले. माझी चाहूल लागताच उठून बसले.

"जालन्याला गेल्ता? आला का औंदा?"

"आला."

"पुसका हाये त्याच्यात?"

"आहे, आबा."

ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजी मागचा कोराच व्हता."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तसं त्यांनी ते माझ्याकडे केलेलं, फक्त डोळे दुसरीकडेच होते.

"न्हाई आबा," मी म्हणालो. "मागच्यातबी व्हता. असाच, एवढाच. तुमाला दिसला न्हाई. आमी खोटं बोललो."

"तुझी मायबी?"

"हां."

"अन् तो उस्ताद?"

"त्योबी. म्याच सांगितलं व्हतं त्याला."

आबांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. "म्या तवाच म्हणलं व्हतं," म्हणाले. "नजर तवाच गेल्ती. थेंबांनी काय व्हणार व्हतं?" मग त्यांनी मायला हाक मारली आणि कितीतरी दिवसांनी आपणहून भाकरी मागितली. मायने दारामागून सगळं ऐकलं होतं. ताट ठेवताना ती माझ्याकडे बघेना.

पुढच्या खेपेला जालन्याला गेलो तेव्हा उस्तादांनी मला बसवलं, चहा मागवला आणि कप माझ्या हातात देईपर्यंत थांबून विचारलं, "अब्बांना सांगितलं ना फोटोचं? आता तर त्यांना पटलं असेल, म्या झूट बोललो नव्हतो म्हणून."

मी हो म्हणालो.